रंग मारायच्या आधी एकदा भिंत वाचा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मुंबईच्या पानावर हल्ली अधूनमधून जुन्या इमारतींचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो येतात, डावीकडे काळवंडलेली भिंत, उजवीकडे चकाचक, आणि खाली एक ओळ की वास्तूचं रूपडं पालटलं. बघून बरं वाटतं, नाही कशाला म्हणू, माझं अख्खं आयुष्य त्याच धंद्यात गेलंय. चाळीस वर्षं परळ-लालबाग-भायखळा भागात रंगकामाची कॉन्ट्रॅक्ट घेतली, चाळी, शाळा, बँका, दोन-चार सरकारी इमारती, एक-दोन देवळं. त्यामुळे आता मी जे लिहिणारे ते वाचून माझे जुने कारागीर म्हणतील शेठ म्हातारपणी फिरला. म्हणू देत. पत्र लांबणारे हे आधीच सांगतो, कापायचं तर मधलं कापा, शेवटचं टेंडरचं तेवढं ठेवा.

झालं असं की मागच्या वर्षी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. सहा महिने. पहिला महिना बरा जातो, मग नातवाला शाळेत सोडायचं, परत आणायचं, मधल्या वेळात खिडकीतून एकही माणूस न दिसणारा रस्ता बघायचा. एका रविवारी जावई म्हणाले चला बाबा, बेटावर जाऊ. मला वाटलं घारापुरीसारखं असेल, लाँचने जायचं, डोंगर चढायचा, शेंगदाणे खायचे, परत यायचं. टिबुरॉन म्हणून एक गाव आहे तिथून फेरी सुटते, दहा-पंधरा मिनिटांत बेट. समोर गोल्डन गेट, बाजूला ते अल्काट्राझचं तुरुंगवालं बेट, तिकडेच सगळी गर्दी पळते. आमच्या बेटाचं नाव एंजल आयलंड. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं हे चांगलं मोठं बेट, सातशे एकरांच्या वर. १७७५ मध्ये आयाला नावाचा स्पॅनिश कप्तान इथे नांगर टाकून राहिला आणि त्याने हे देवदूतांचं नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मिवोक लोक इथे होड्यांनी येऊन मासे मारत, शिकार करत, पण नकाशावर नाव चढलं ते कप्तानाने दिलेलं. आपल्याकडेही तेच की, गावात कोण आधीपासून होतं ते कोण विचारतो.

बोट लागते त्या कोपऱ्याला आज आयाला कोव्ह म्हणतात, हिरवळ, बाकडी, पोरं सँडविच खातायत. पूर्वी त्याचं नाव हॉस्पिटल कोव्ह होतं. १८९१ पासून तिथे क्वारंटाइन स्टेशन. जहाज आलं, वर देवी, कॉलरा, प्लेग असला काही संशय असला की ते शहराच्या धक्क्याला न लावता इकडे. खालच्या वर्गाच्या प्रवाशांना उतरवायचं, कपडे नि सामान वाफेच्या भट्टीत, माणसं औषधी पाण्याच्या न्हाणीत, बोटीला गंधकाचा धूर, आणि मग दिवस मोजत बसायचं. वरच्या वर्गाच्या लोकांची सोय वेगळी, हे सांगायला नकोच. त्या भट्ट्या, बराकी सगळं मिळून चाळीसेक इमारती होत्या म्हणे. पुढे बेटाचं पार्क झालं तेव्हा त्यातल्या बहुतेक पाडून टाकल्या, म्हणून आता ती हिरवळ. मी त्या हिरवळीवर बसून थालीपीठ खाल्लं, तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

आता यातला परळचा भाग ऐका. मी राहतो हाफकिन इन्स्टिट्यूटपासून चालत पाच मिनिटांवर, लहानपणी त्या कंपाउंडच्या भिंतीवरून आत डोकावायचो, साप ठेवलेत म्हणून. हाफकिनसाहेब मुंबईत आले ऑक्टोबर १८९६ मध्ये, सप्टेंबरात मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला त्याच्या लगेच नंतर. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटीशी जागा मिळाली, तिथे त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, मग भायखळा जेलमधल्या कैद्यांवर. १८९९ मध्ये लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, तीच आजची संस्था, नाव १९२५ मध्ये बदललं. एवढं आमच्याकडे शाळेच्या पोरांनाही माहीत असतं. मला जे माहीत नव्हतं ते म्हणजे हीच हाफकिनची लस पुढच्याच वर्षी त्या दूरच्या खाडीत जाऊन एवढा गोंधळ घालून आली.

मार्च १९००. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये एका स्वस्त लॉजच्या तळघरात एक चिनी मजूर मेलेला सापडला, गाठ आलेली. तेव्हा या एंजल आयलंडच्या क्वारंटाइनचा मुख्य होता डॉ. जोसेफ किन्यून. साधासुधा माणूस नव्हे, त्याने १८८७ मध्ये न्यूयॉर्कला एका खोलीत जी लॅब सुरू केली तिचीच पुढे अमेरिकन सरकारची सगळ्यात मोठी आरोग्य संशोधन संस्था झाली. त्याच्याकडे त्या गाठीचा नमुना आला, त्याने बेटावरच्या लॅबमध्ये दोन गिनी पिग, एक उंदीर आणि एक माकड यांना तो टोचला. आठवड्याभरात चौघेही गेले. म्हणजे प्लेग. पण शहरातले व्यापारी, पेपरवाले, गव्हर्नर गेज, सगळे एका सुरात म्हणाले प्लेग बिग काही नाही, धंदा बुडवायला निघालेत. (संपादक साहेब, पेपरवाले म्हटलं म्हणून राग मानू नका, १९०० सालातले म्हणतोय.) माकड जिवंत असेपर्यंत तर पेपरांनी किन्यूनची टिंगलच चालवलेली.

मग झालं काय, प्लेग नाही असंही म्हणायचं आणि चिन्यांना कोंडूनही ठेवायचं. चायनाटाउनभोवती दोर बांधून पोलीस उभे केले, आणि ती दोरी अशी नागमोडी की गोऱ्यांची घरं-दुकानं बरोब्बर बाहेर. मे महिन्यात फर्मान निघालं, चिनी आणि जपानी माणसाला शहर सोडायचं असेल तर आधी हाफकिनची लस टोचून घ्या. फक्त त्यांनाच. लोकांनी दुकानं बंद केली, दारं लावून घेतली, सुईला कोणी पुढे येईना, लसीने ताप यायचा, दंड सुजायचा, आणि सक्ती म्हटली की औषधही विष वाटतं. वोंग वाय नावाचा एक व्यापारी कोर्टात गेला, जज मॉरो यांनी मे अखेरीला निकाल दिला की एका वंशाच्या लोकांपुरती अशी सक्ती चालणार नाही, आणि जूनमध्ये दुसऱ्या एका खटल्यात तो दोरखंडाचा वेढाही उठवायला लावला. किन्यूनवर तर गव्हर्नरनेच आरोप केला की यानेच मुडद्यांत जंतू घातले, १९०१ मध्ये त्याची बदली झाली. त्याच वर्षी सरकारी समितीने प्लेग आहे हे मान्य केलं. १९०४ पर्यंत शंभराच्या वर माणसं मेली. आणि इकडे आपल्या हाफकिनसाहेबांचं काय? १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, खापर त्यांच्या लॅबवर फुटलं, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. दोन समुद्रांपलीकडचे दोन डॉक्टर, प्लेग ओळखणारा बदलीवर आणि लस शोधणारा चौकशीत. मी बेटावरच्या माहितीच्या पाटीपुढे उभा राहून मुलीला म्हटलं अगं हा आपल्या परळचा, ती म्हणाली बाबा हळू बोला.

तर हे झालं क्वारंटाइनचं. पण लोक जे बघायला जातात ते डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, चालत पाऊण तास तरी लागतो आमच्यासारख्यांना, तिथे इमिग्रेशन स्टेशन होतं. दोन्ही वेगळी खाती, वेगळे कोपरे, पण माणसाला काय, बेट तेच आणि पाणी तेच. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा केला की चिनी मजुरांनी यायचंच नाही, फक्त व्यापारी, विद्यार्थी, असे काही, आणि तिथल्या नागरिकांची मुलं. मग आलेल्यांना तपासायला आधी शहरातच धक्क्यावरच्या एका शेडमध्ये कोंबायचे, ती शेड इतकी वाईट की अखेर २१ जानेवारी १९१० ला बेटावर नवीन स्टेशन उघडलं. बेट कशाला, तर पळून जाता येऊ नये आणि बाहेरच्यांशी बोलता येऊ नये. युरोपातून आलेल्यांना बहुतेक बोटीवरच कागद बघून सोडायचे, आशियातल्यांना इकडे. चिनी, जपानी, कोरियन, रशियन, आणि हो, आपले लोकही.

आणि प्रश्न काय विचारायचे! १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहराची जन्मनोंदीची दप्तरं जळली. त्याचा फायदा घेऊन पुष्कळ चिनी लोकांनी सांगितलं आम्ही इथेच जन्मलो, आणि मग गावाकडून कागदावरची मुलं आणली, म्हणजे नात्याने मुलगा नाही पण कागदावर मुलगा. ते पकडायला साहेब लोक विचारणार, तुझ्या घराला खिडक्या किती, विहीर कुठल्या दिशेला, तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या घरात कोण राहतं, तांदळाची कणगी कुठे ठेवता. मग हेच प्रश्न बापाला वेगळ्या खोलीत. उत्तर जुळलं नाही की परत बोटीत. आता मला सांगा, खरा मुलगा असला तरी जुळतील का उत्तरं? माझ्या सख्ख्या भावाला नि मला आमच्या गावच्या घराच्या पायऱ्या विचारा, तो सात म्हणेल, मी नऊ. म्हणून लोक बोटीवर प्रश्नोत्तरांचे कागद पाठ करत यायचे, बेट जवळ आलं की समुद्रात फेकायचे. आत अडकलेल्यांना स्वयंपाकघरातले चिनी लोक चिठ्ठ्या पोचवायचे, शेंगांच्या टरफलात, केळ्यात घालून. शेंगदाणे आलेच बघा शेवटी.

वर वैद्यकीय तपासणी. हुकवर्म म्हणजे आतड्यातला जंत निघाला तर परत, यकृतातला जंत निघाला तर परत. विष्ठा तपासून माणूस देशात घ्यायचा की नाही ते ठरायचं. आपल्या लोकांची, म्हणजे बहुतेक पंजाबातले शेतकरी, गत सगळ्यात वाईट, सुरुवातीच्या काही वर्षांत निम्म्याच्या वर परत पाठवले, आणि १९१७ च्या कायद्याने तर दारच बंद. तिथल्या कमिशनर नॉर्थने थोड्या हिंदी माणसांना सोडलं तर त्याच्याविरुद्ध बोंबाबोंब, त्याची नोकरी गेली. १९१५ च्या सप्टेंबरात पेशावरचे वैष्णोदास बगाई बायको आणि तीन मुलांना घेऊन आले, जवळ २५ हजार डॉलर, साहेब बघतच राहिले, एवढे पैसे असलेला हिंदी माणूस त्यांच्या हिशोबात बसेना. त्यांना सोडलं. आणि पेपरात काय छापून आलं, तर त्यांच्या पत्नी कलाबाईंच्या नाकातली चमकी, नवी फॅशन म्हणून! आमच्या सौ. नी ते वाचून आपल्या नाकाला हात लावला. पुढची गोष्ट दुःखाची आहे. १९२१ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं, १९२३ मध्ये कोर्टाने हिंदी माणूस गोरा नाही असं ठरवलं म्हणून ते काढून घेतलं, धंदा-घर गेलं, १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. कलाबाई मात्र तिथेच राहिल्या, मुलं शिकवली, १९८३ पर्यंत जगल्या, आता बर्कलेत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

आता भिंतीकडे येतो, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

बराक लाकडी, दुमजली. आत तीन-तीन मजली बर्थ, आपल्या थ्री टियरसारखे, लोखंडी खांबांना लावलेले, एकेका खोलीत शंभर माणसं. इथे लोक आठवडा, महिना, सहा महिने बसून राहायचे. काम नाही, बाहेर जायचं नाही, निकालाची वाट. मग लिहायला लागले भिंतीवर. आधी पेन्सिलने, शाईने. चिनी कविता, पाच-पाच सात-सात अक्षरांच्या ओळींच्या, जुन्या वळणाच्या. घरची आठवण, अपमान, एक दिवस बघून घेऊ असलं, जुन्या राजांचे नि वीरांचे दाखले. बहुतेकांखाली नाव नाही, कारण नाव कळलं तर केस बिघडायची. तर १९१० मध्येच कमिशनरसाहेबांनी हुकूम काढला, भिंती घाण झाल्यात, रंग मारा.

रंग मारला. लोकांनी मग चाकूने कोरायला सुरुवात केली. खात्याने माणसं पाठवून कोरलेल्या अक्षरांत पुट्टी भरली, आम्ही लाकडाला लांबी भरणं म्हणतो तसंच, आणि वर परत रंग. त्यावर परत कोरलं. परत लांबी, परत रंग. संपादक साहेब, तिथला गाइड हे सांगत होता तेव्हा बाकीचे लोक कवितेचं भाषांतर वाचत होते आणि मी चष्मा सारून जवळून काम बघत होतो, कारण हे काम मला कळतं. लांबी भरली की काय होतं, ओलावा लाकडात शिरत नाही, वर ऑइलपेंटचे हात बसले की वाळवी-हवा यांचंही भय कमी. म्हणजे ज्यांना पुसायचं होतं त्यांनीच ते पॅक करून ठेवलं. आणि लांबी कायम टिकत नाही, वाळून आकसते, वीस-तीस वर्षांत खपली पडते, खोलगट जागा रंगातून परत दिसायला लागते. अक्षरं तशीच वर आली. मी गाइडला मोडक्या इंग्रजीत सांगितलं हे पुट्टीचं श्रिंकेज आहे, तो म्हणाला येस सर, एग्झॅक्टली. अमेरिकेत सहा महिन्यांत माझं म्हणणं एवढ्या मान देऊन कोणी ऐकलं असेल तर त्यानेच.

तिथे कोंडलेल्यांपैकी दोघांनी, स्मायली जान १९३१ मध्ये आणि टेट यी त्याच्या पुढच्या वर्षी, भिंतीवरच्या नव्वदच्या वर कविता वहीत उतरवून घेतल्या होत्या, म्हणून ज्या आज भिंतीवर सापडत नाहीत त्यातल्याही काही वाचता येतात. आणि बायकांच्या? बायकांना ऑफिसच्या इमारतीत वेगळं ठेवायचे. ऑगस्ट १९४० मध्ये त्या इमारतीला आग लागली, सगळी जळाली, नोव्हेंबरात स्टेशनच बंद झालं. कुओक शी म्हणून एक बाई १९१६ पासून जवळजवळ दोन वर्षं तिथे अडकून होती. दोन वर्षं. तिने भिंतीवर काही लिहिलं असेल नसेल, आता त्या जागी नुसता चौथरा दिसतो.

नंतर लढाईत कैदी ठेवले, मग पार्क खात्याकडे आलं, ही पुरुषांची बराकही पाडायच्या यादीत होती. १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस नावाचा पार्कचा एक रेंजर, आपल्या भाषेत वॉचमनपेक्षा थोडा वरचा म्हणा, बॅटरी घेऊन आत गेला आणि त्याला तिरक्या उजेडात अक्षरं दिसली. तिरका उजेड महत्त्वाचा, आम्हीसुद्धा भिंतीचं उंचसखल बघायला बल्ब बाजूने धरतो, समोरून धरला तर सगळं सपाट दिसतं. वरिष्ठांना सांगितलं, त्यांना फार काही वाटलं नाही. मग त्याने त्याच्या कॉलेजच्या प्रोफेसरांना सांगितलं, जॉर्ज अराकी, ते फोटोग्राफर माक ताकाहाशी यांना घेऊन आले आणि भिंतीचा कोपरा न कोपरा फोटोत घेतला. चिनी-अमेरिकन लोकांनी, ज्यांचे आईबाप यातून गेले होते आणि घरी कधी बोलले नव्हते, त्यांनी लावून धरलं, १९७६ मध्ये सरकारने अडीच लाख डॉलर मंजूर केले, १९८३ पासून लोकांना आत जाऊ देतात, १९९७ मध्ये राष्ट्रीय स्मारक. दोनशेच्या आसपास कविता मिळाल्यात, शिवाय जपानी, कोरियन, रशियन, पंजाबी असं कायकाय.

हे बघून परतीच्या बोटीत सगळे फोटो काढत होते आणि मला एक वेगळीच भिंत दिसत होती, ती सांगतो, आजवर कोणाला सांगितलेली नाही.

१९९४-९५ ची गोष्ट असेल, एका जुन्या हॉस्पिटलचा बंद पडलेला वॉर्ड रंगवायचं काम मला मिळालं. नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही, दोष असला तर माझाच आहे. खूप वर्षांपूर्वी तिथे साथीचे पेशंट ठेवायचे असं म्हणत. माझा जुना कारागीर, गुहागरकडचा, पत्र्याने भिंत खरवडत होता, त्याने मला हाक मारली, शेठ इथे नावं आहेत. जाऊन बघितलं तर खरंच, चुन्याच्या थराखाली खिळ्याने का कशाने ओरखडलेली नावं, गावांची नावं, एकाने दिवसांच्या रेघा, चार उभ्या एक आडवी. आणि सगळं जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीला नाही. पडल्यापडल्या लिहिलेलं. त्याने विचारलं काय करू. मी म्हटलं, बिल चौरस फुटावर आहे, नावांवर नाही, मार पुट्टी. त्याने मारली. वर प्रायमर, दोन हात डिस्टेंपर, फिकट हिरवा. मंगळवारी बिल टाकलं. आता तो वॉर्डही नाही, पाडून नवीन उभा राहिलाय, म्हणजे माझी पुट्टी आकसून खाली काय होतं ते वर यायलाही भिंत उरलेली नाही. त्यातलं एक गाव मला अजून आठवतं, संगमेश्वर, कारण माझ्या आजोळच्या जवळचं. माणसाचं नाव आठवत नाही.

माझे पणजोबा प्लेगच्या वर्षांत मुंबईत चुना मारायच्या टोळीत होते असं आजी सांगायची. तेव्हा प्लेगचं घर निघालं की माणसं हॉस्पिटलात, बाकीचे कॅम्पात, सामान वाफेला किंवा जाळायला, कौलं काढून ऊन आत सोडायचं आणि सगळ्या भिंतींना चुना. दारावर गोल काढायचे, प्लेगची खूण म्हणून. राहायला नालायक घरावर यू एच एच ही तीन अक्षरं रंगवायचे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीच्या कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला तो याच भीतीपोटी, आत नेलेला माणूस परत येत नाही म्हणून. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, स्टेशनांवर, बंदरांवर तपासणी, कोकणच्या बोटीत बसणाऱ्याची काख नि जांघ चाचपायची, बायकांचीही. लाखो लोक मुंबई सोडून गेले, त्यांच्यातले किती कुठे अडकले, कुठल्या शेडमध्ये किती दिवस बसले, कुठल्या भिंतीवर काय लिहिलं. कायदा राहिला, २०२० मध्ये तोच काढला परत. भिंत एक राहिली नाही. पणजोबांनीच चुना मारला, मी पुट्टी. चुना लावणं हा शब्द आमच्या घराण्याला दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

२०२० च्या गणपतीत आम्ही चाकरमानी गावाला गेलो तेव्हा दहा दिवस गावच्या शाळेत ठेवलं होतं, चौथीच्या वर्गात, बाकं जोडून झोपायचो. आमच्यातला एक डिलाईल रोडचा पोरगा रोज सकाळी फळ्यावर खडूने एक रेघ मारायचा आणि बाजूला आज जेवायला काय आलं ते लिहायचा, तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याखाली शिवी लिहिली, पाचव्या दिवशी त्याच्या पोरीने गणपती काढला. दहा दिवसांनी सुटलो, मास्तरांनी फळा पुसून घेतला, स्वच्छ, ओल्या फडक्याने. फोटो कोणाकडे नाही. मोबाइल प्रत्येकाकडे होता, दिवसभर त्यातच डोकी होती.

घारापुरीला लाँचने जाताना डावी-उजवीकडे बघा, बुचर आयलंडवर तेलाच्या टाक्या दिसतात, उतरता येत नाही, ठीक आहे, तेलाचं काम आहे. मी बेटाचं म्युझियम करा असं म्हणत नाही, पैसे कुठून आणणार. जुनी इमारत पाडूच नका असंही नाही, गळक्या चाळीत राहिलेल्या माणसाने असलं बोलू नये. म्हणणं एवढंच आहे की सरकारी, पालिकेच्या, हॉस्पिटलच्या, शाळांच्या, गोदीच्या जुन्या इमारतीच्या रंगकामाचं किंवा पाडकामाचं टेंडर निघतं त्यात पहिला आयटम असतो जुना रंग खरवडणे, दर चौरस मीटर इतके रुपये. त्याच्या आधी एक आयटम टाका. खरवडण्याआधी आणि खरवडताना जे अक्षर, चित्र, रेघ, तारीख दिसेल त्याचे फोटो घेणे, बाजूने दिवा लावून, खाली फूटपट्टी धरून, खोलीचा नंबर आणि जमिनीपासूनची उंची लिहून, आणि फोटोंची एक प्रत बिलाला जोडणे. नाही जोडली तर बिल पास नाही. बस. इतिहासाचे प्रोफेसर लागत नाहीत, कमिटी लागत नाही, कारागिराला दिसतं सगळं आधी, त्याचं नाक भिंतीपासून एक फुटावर असतं. फक्त त्याने हाक मारल्यावर शेठने काय म्हणायचं ते कागदावर लिहिलेलं असू दे.

काम वाढतं, दर वाढतील अशी तक्रार कॉन्ट्रॅक्टर लोक करतील, मीही केली असती. एका माणसाचा अर्धा दिवस धरा प्रत्येक खोलीला, हेल्परचा नको, जाणत्या कारागिराचा, आणि एक फोकस लाइट. कुठल्याही खात्याला हिशोब हवा असेल तर मी एस्टिमेट फुकट करून देतो, पत्ता आपल्याकडे आहेच.

आपला नम्र,
एक निवृत्त रंगकाम कॉन्ट्रॅक्टर, परळ